'अजून थोडं थांबू'चा हिशोब

सोमवार

ज्येष्ठांच्या संकुलात राहायला जायचं का, हा विषय बहुतेक घरांत कधीतरी निघतो आणि 'अजून थोडं थांबू' या वाक्यावर मिटतो. वाक्य खोटं नसतं. हातपाय चालतात, पोळीवाल्या बाई वेळेवर येतात, कोपऱ्यावरचा वाणी फोनवर सामान पाठवतो. मग घाई कशाची? पण या 'थोडं'ला माप नाही, आणि माप नसलं की ते वाढत जातं. या आठवड्यात रोज थोडं लिहून ते माप काढायचं आहे.

आधी एक घोळ. वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांचं संकुल यांना लोक एकच समजतात. वृद्धाश्रमात स्वतःचं वेगळं घर नसतं; संकुलात आपला स्वतंत्र फ्लॅट असतो, मग तो विकतचा असो, भाड्याचा असो की डिपॉझिटवरचा. दाराला आपलं कुलूप, आत आपला ओटा. बाहेर भोजनगृह, साफसफाई, दवाखाना आणि हाक मारायची बेल. तिसरा प्रकार शुश्रूषेचा: तिथे खाट असते, चोवीस तास परिचारिका असते, आंघोळ घालायला माणूस असतो.

हा फरक कळला की वेळेचं कोडं निम्मं सुटतं. कारण बहुतेक संकुलं प्रवेश देतानाच अट घालतात: येणाऱ्यानं आपली रोजची कामं आपण केली पाहिजेत. काही ठिकाणी डॉक्टरांचा दाखला मागतात, काही ठिकाणी समोर बसवून बोलतात. म्हणजे 'अगदीच जमेनासं झालं की जाऊ' असं ठरवणाऱ्या माणसाला संकुलाचं दार बंद मिळतं. त्याच्यापुढे उरतं ते शुश्रूषागृह, नाहीतर घरी दोन पाळ्यांत आया. 'थोडं थांबू'ची शेवटची तारीख आजारपणाची नसते. ती त्याच्या बरीच आधीची असते.

मंगळवार

ती तारीख ओळखायची कशी? वयावरून नाही. ८२ व्या वर्षी पर्वती चढणारे आहेत आणि ६८ व्या वर्षी जिना टाळणारे आहेत.

एक वही करावी. तिला 'सोडलेल्या गोष्टींची वही' म्हणावं. दर महिन्याच्या एक तारखेला त्यात फक्त एवढंच लिहायचं: गेल्या महिन्यात काय करायचं सोडलं. रात्रीची स्कूटर सोडली. माळ्यावर चढणं सोडलं. बँकेत जाणं सोडलं, आता शेजारचा मुलगा जातो. गणपतीत आरास बघायला जाणं सोडलं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते पटण्यासारखं असतं, म्हणून एकेकटी गोष्ट डोळ्यांवर येत नाही. ओळीनं लिहिल्या की येते.

वृद्धांच्या तपासणीत डॉक्टर वापरतात ते दोन तक्ते या वहीला उपयोगी पडतात. १९६९ सालचा लॉटन आणि ब्रोडी यांचा तक्ता आठ कामं मोजतो: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं घेणं, पैशांचे व्यवहार. त्याआधीचा, १९६३ सालचा काट्झ यांचा तक्ता सहा गोष्टी मोजतो: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठणं, मलमूत्रावर ताबा, हातानं जेवणं. माझं मत असं: पहिल्या तक्त्यातली दोन-तीन कामं दुसऱ्याच्या हाती गेली आणि दुसऱ्या तक्त्यातलं एकही गेलं नाही, तो काळ जाण्याचा. दुसऱ्या तक्त्याला हात लागला की प्रवेशाची अट आडवी येऊ लागते.

आपल्याकडे पहिला तक्ता फसवतो, हेही लिहून ठेवावं. स्वयंपाकाला बाई, धुण्याला मशीन, भांड्यांना मावशी हे चाळिशीपासूनच असतं. त्यामुळे ही कामं कधी सुटली ते कळतच नाही. औषधं आणि पैसे या दोन ओळींकडे जास्त बघावं. डबीतल्या गोळ्या महिनाअखेरीस उरतात का? वीजबिल दोनदा भरलं जातं का? एफडी मोडताना व्याजाचा हिशोब पूर्वीसारखा तोंडी होतो का?

आणखी एक चाचणी घरच्या घरी होते. हात असलेल्या खुर्चीत बसावं. समोर ३ मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर, खडूनं रेघ मारावी. पायात नेहमीची चप्पल, हातात काठी असेल तर काठी. उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. शेजारी कुणीतरी उभं हवं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. सेकंदांइतकंच वळण्याकडे बघावं: दोन पावलांत वळणारा माणूस पाच-सहा बारीक पावलं टाकत वळू लागला, हात भिंतीकडे जाऊ लागला, तर ती नोंद वहीत हवी. दर तीन महिन्यांनी पुन्हा.

बुधवार

आज सह्यांबद्दल, कारण वेळेचा विचार करताना सगळे गुडघ्यांकडे बघतात आणि सहीकडे कुणीच बघत नाही.

घरोघरी समज असतो की मुलाच्या किंवा मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की पुढची सोय झाली. झालेली नसते. भारतीय करार कायद्यानुसार, लिहून देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंश वाढल्यावर, नेमकं हवं तेव्हा, ते कामाचं राहत नाही. मग घर विकायचं, एफडी मोडायची, तर पालक नेमून घेण्यासाठी अनेकदा उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. संकुलाचा करार, जुन्या घराची विक्री, डिपॉझिट ही सगळी कामं आपल्या हातची सही आपल्याच समजुतीनं होते तोवरची आहेत. बँकेची खाती 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी करून घ्यावीत, मृत्युपत्र करावं. कृत्रिमरीत्या जगवत ठेवणारे उपचार कुठवर द्यायचे हे लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला. २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे साक्षांकित केलं तरी चालतं. तेही याच बैठकीत उरकावं.

एक क्रम मात्र टाळावा: आधी राहतं घर बक्षीसपत्रानं मुलांच्या नावे आणि मग 'खर्च तुम्ही बघा' असं तोंडी ठरवणं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर केलेलं मालमत्तेचं हस्तांतरण अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं. पण ती अट लेखी असली तरच हात बळकट राहतात. मुलांवर विश्वास आहे म्हणूनच लिहावं. मुलांचीही परिस्थिती बदलते.

गुरुवार

पैसे. थोडक्यात, पण आकड्यांत.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्के दर धरला तर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० हातात येतात. हा आकडा पाच वर्षं जागचा हलत नाही. संकुलाचा मासिक आकार मात्र हलतो. तो वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला तर नऊ वर्षांत दुप्पट होतो. म्हणून आजचा आकार परवडतो का हा प्रश्न अपुरा आहे. सत्तरीत जाणाऱ्यानं दुप्पट आकाराचा हिशोब आजच मांडावा, आणि त्याच्याखाली आयाचा वेगळा खर्च लिहावा, कारण तो आकारात धरलेला नसतो.

जुनं घर विकून डिपॉझिट भरणाऱ्यांची एक चूक महाग पडते. घरविक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे दोन वर्षांत दुसरं घर विकत घेणं. फक्त राहण्याचा हक्क देणारं परतीचं डिपॉझिट म्हणजे घरखरेदी नव्हे. विक्रीआधी सीएकडे जावं, नंतर नाही. डिपॉझिट असेल तर करारात तीन वाक्यं शोधावीत: दरवर्षी किती कापणार, जागा सोडल्यावर किंवा मृत्यूनंतर किती दिवसांत परत देणार, आणि कोणाच्या नावे. विकतचा फ्लॅट असेल तर चौथं: वारसाला तो मिळेल, पण वयाची अट पुरी न करता तिथे राहता येईल का? बहुधा नाही.

शुक्रवार

आज सगळ्यात महत्त्वाचं: राहून बघणं.

एका दुपारची फेरी म्हणजे राहून बघणं नव्हे. त्या दिवशी बाग झाडलेली असते आणि जेवणात शिरा असतो. किमान पंधरा दिवस राहावं, आणि डिसेंबरात नाही, पावसाळ्यात. पुण्याच्या आसपासची हवा थंडीत कुठलीही जागा छान दाखवते. जुलैत कळतं की भोजनगृहापर्यंतची वाट झाकलेली आहे की शेवाळलेली, वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का, आणि तुंबलेल्या रस्त्यावरून रुग्णवाहिका किती वेळात बाहेर पडते.

पहिल्याच आठवड्यात रात्री दोनला, आधी व्यवस्थापकाला कल्पना देऊन पण ड्यूटीवरच्या माणसांना न सांगता, बेल दाबावी आणि घड्याळ बघावं. कोण आलं? परिचारिका की सुरक्षारक्षक? रात्री रुग्णवाहिकेला चालक असतो का, की फोन करून बोलवावा लागतो? जवळचं मोठं रुग्णालय किती किलोमीटर हे विचारू नये. संध्याकाळी सात वाजता रिक्षानं जाऊन बघावं.

बाथरूममध्ये टेप घेऊन जावं. महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणानं, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिले: दरवाजे ९०० मिलिमीटर रुंद, जिना १५०० मिलिमीटर रुंद आणि एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत, बाथरूमला न घसरणाऱ्या फरश्या आणि आधाराच्या दांड्या. आपल्या जुन्या इमारतींत बाथरूमचं दार अनेकदा दोन-सव्वादोन फुटांचं असतं, चाकाची खुर्ची आत जात नाही. दार बाहेर उघडतं का तेही बघावं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर बाहेरून दार ढकलता येत नाही, आणि ढकललं तर त्याच्याच अंगावर जातं. दांडीला हात लावून चालणार नाही, अंगाचा भार टाकून बघावा. भिंतीच्या टाइलवर नुसत्या चिकटवलेल्या दांड्या ऐनवेळी हातात येतात.

जेवण. अनेक भोजनगृहं शाकाहारी असतात. कोकणातून, गोव्यातून आलेल्या माणसानं आपल्या ओट्यावर बांगडा तळायला परवानगी आहे का, हे स्पष्ट विचारावं. हा किरकोळ प्रश्न नाही. पुढची पंधरा वर्षं रोज दोन वेळा तो समोर येणार आहे.

राहून बघण्याची एक चांगली संधी सध्या पुण्या-मुंबईत हजारो घरांसमोर आपोआप येते आहे: पुनर्विकास. इमारत पाडताना बिल्डर दोन-तीन वर्षं भाडं देतो. घर तर हलवायचंच आहे. मग भाड्याचा फ्लॅट शोधून तिसऱ्या मजल्यावर अनोळखी शेजारात जाण्याऐवजी ती वर्षं संकुलात भाड्यानं काढावीत. जमलं तर नवा फ्लॅट भाड्यानं द्यावा, नाही जमलं तर परत यावं. फक्त बिल्डरचं भाडं थकण्याचे प्रकार घडतात, म्हणून सहा महिन्यांचा आकार वेगळा काढून ठेवावा.

पुनर्विकास नसेल तरी जुनं घर पहिलं वर्ष विकू नये. अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर द्यावं. परतीची वाट उघडी आहे हे माहीत असलं की माणूस नव्या जागेत जास्त मोकळेपणानं रुळतो.

शनिवार

जोडपं असेल तर तारीख कोणावरून ठरवायची? लोक आजारी माणसावरून ठरवतात. माझ्या मते ती सांभाळणाऱ्यावरून ठरवावी. पार्किन्सन्सच्या नवऱ्याला रात्री तीनदा उठवून नेणारी बाई स्वतः सत्तरीची असते. तिची झोप किती तास, तिचं वजन किती घटलं, तिनं स्वतःची तपासणी शेवटची कधी केली? त्या वहीत तिचं वेगळं पान हवं. ती कोसळली तर एका आठवड्यात दोघांची सोय बघावी लागते, आणि तेव्हा मिळेल ते घ्यावं लागतं. विसराळूपणाचं निदान नुकतंच झालं असेल तर उलट लवकर हलावं. नवी वाट, नवे चेहरे, कुठलं बटण कशाचं हे बसायला वेळ लागतो आणि तो वेळ अजून हाताशी असतो. त्या जोडप्यानं एकाच आवारात शुश्रूषेचा विभाग आहे का, हे पहिल्या फोनवरच विचारावं.

जोडीदार नुकताच गेला असेल तर मात्र थांबावं. सहा महिने, शक्यतो वर्ष. तेराव्यानंतर परदेशातली मुलं परतण्याआधी तीन आठवड्यांत घर आवरून टाकायची घाई करतात. त्यांची काळजी खरी असते, विमानाचं तिकीट ठरलेलं असतं. पण त्या दिवसांत एकाच वेळी माणूस, घर आणि शेजार असं तिन्ही सुटतं.

आणि काहींनी जाऊच नये. तळमजल्यावर घर, समोर डॉक्टर, सकाळी कट्ट्यावर चार माणसं, हाकेच्या अंतरावर भाचा. ज्यांच्याकडे हे चारही आहे त्यांना संकुल आणखी काय देणार? त्यांनी दरवर्षी फक्त मोजावं, चारांतलं अजून किती उरलं आहे.

रविवार

माळा. सगळ्यांचं घोडं इथे अडतं. दोन बेडरूमच्या घरातून एका बेडरूममध्ये जायचं तर तांब्याचा बंब, लग्नातली पितळी भांडी, पाहुण्यांच्या गाद्या कुठे जाणार? रोज एक तास दिला तर दोन महिने लागतात, आणि ते स्वतः ठरवता येण्याचं बळ अंगात असावं लागतं. देव्हारा आणि एक भिंत पुस्तकं आधी ठरवावीत, मग उरलेल्या जागेत बाकीचं.

आणि ज्या संकुलांची यादी केली आहे त्यांना फोन आजच करावा, संध्याकाळी सातनंतर. सोमवारी सकाळी विक्री विभागातली माणसं बोलतात. रविवारी रात्री बरीच माणसं सुट्टीवर असतात. फोन किती वेळानं उचलला गेला ते लिहावं, आणि विचारावं: आत्ता आवारात परिचारिका आहे का, आणि आज रात्री जेवायला काय आहे?