तासाभरात दोनशे पावले

हरणाच्या शिकारीसाठी केलेल्या त्या चार दिवसांच्या प्रवासातले पहिले तीन दिवस नुसतेच चालण्यात गेले. चौथी सकाळ मात्र अजून मनातून जात नाही.

सोबतचे अनुभवी शिकारी निघताना म्हणाले, "तुम्ही फार चालता. आज एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जा आणि तिथे उभे राहा." पाऊल हलके पडले की पुरे, असा माझा समज होता. वाळलेल्या पाचोळ्यात मुळीच आवाज न करता चालणे जवळपास अशक्यच असते, आणि पाचोळा तर खारी, पक्षी व स्वतः हरणेही वाजवतात; हरीण सावध होते ते माणसाच्या चालीतील एकसारख्या लयीमुळे. म्हणून दोन-तीन पावले टाकायची आणि बुंध्याशी थांबून बराच वेळ पाहत राहायचे. वजन मागच्या पायावर ठेवून पुढच्या पायाच्या बाहेरच्या कडेने जमीन चाचपायची आणि काटकी लागली तर पाय उचलून दुसरीकडे ठेवायचा. माझ्या जाड तळाच्या बुटांतून यातले काहीच कळत नव्हते, आणि फांदीला घासून सळसळणाऱ्या नायलॉनच्या जाकिटाचा तर मला मनस्वी राग आला. लोकरीचे कपडे असे वाजत नाहीत.

तासाभरात जेमतेम दोनशे पावले झाली असतील, तोच चढावरच्या उभ्या खोडांमध्ये एक आडवी रेघ दिसली आणि तिच्या टोकाशी कान हलला. ती हरिणी होती. तिचा एक कान माझ्याकडे वळला, दुसरा मागेच राहिला. इतर शिकाऱ्यांना दिसावा म्हणून घातलेला माझा केशरी अंगरखा हरणाच्या नजरेत फारसा भरत नाही, पण हालचाल लगेच भरते. त्यामुळे अर्धवट उचललेला पाय मी तसाच धरून ठेवला. तिने चरण्यासाठी मान खाली घातली आणि एकदम पुन्हा वर केली, मग पुढचा खूर जमिनीवर आपटला. बंदूक उचलण्याचा विचारही मनात आला नाही. पोटरी थरथरत होती आणि श्वास कसा सोडावा तेही समजत नव्हते.

पहाटेपासून गार हवा चढावरून खाली, माझ्या तोंडावर येत होती. ऊन उतारावर पोहोचले, हवा तापून वर सरकू लागली आणि मानेला मागून झुळूक लागली. माझा वास तिच्यापर्यंत गेला असावा. नाकातून जोराचा फुत्कार टाकून ती शेपटी उभारत झाडीत शिरली, आणि त्याच क्षणी माझ्या डावीकडच्या झुडपातूनही काहीतरी धडपडत निघून गेले.

शिकारी मागून आले तेव्हा मी त्या झुडपाकडे बोट दाखवले. आत गवत अंडाकार दबले होते. मी त्यावर तळहात ठेवला. जागा अजून उबदार होती, आणि माझ्यापासून ती वीस पावलेही दूर नव्हती.