नॅसमधल्या चारही हार्ड डिस्क बदलल्या तेव्हा

घरातल्या नॅसने, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फायली साठवणाऱ्या यंत्राने, जागा ९४ टक्के भरल्याची सूचना दिली तेव्हा आधी मी दोनदोनदा साठवलेले व्हिडिओ शोधून काढून टाकले. त्यावर जेमतेम महिनाभर निभावलं. यंत्रात चार कप्पे, चारही भरलेले, प्रत्येकात ३ टीबीची डिस्क आणि वर रेड ५, म्हणजे चारही डिस्क मिळून एकच संच करणारी मांडणी. नवी डिस्क घालायला जागाच नव्हती. म्हणजे असलेल्याच काढून त्यांच्या जागी ८ टीबीच्या बसवायच्या, एकेक करून.

रेड ५ मध्ये चारांपैकी एका डिस्कइतकी जागा पॅरिटीत जाते. कुठलीही एक डिस्क नसली तरी बाकीच्या तिघींवरून तिच्यातला डेटा पुन्हा काढता यावा, यासाठीचा तो हिशेब. त्यामुळे एक काढली तरी सगळं चालू राहतं आणि नवी घातली की यंत्र तिच्यावर तो डेटा लिहून काढतं. पण हे रिबिल्ड पुरं होईपर्यंत दुसरी डिस्क गेली, तर सगळंच गेलं. आणि नेमकं त्याच वेळात उरलेल्या जुन्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. सहा वर्षं चाललेल्या डिस्कवर एवढा भार एरवी क्वचितच पडतो.

म्हणून पहिला आठवडा मी स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नाही. बाहेरच्या १० टीबीच्या डिस्कवर दर रविवारी बॅकअप होत होता आणि प्रत्येक वेळी हिरव्या अक्षरांत ‘यशस्वी’ असं येत होतं. तरी उघडून पाहिला. बाबांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांचं फोल्डर त्यात नव्हतंच! ते मी मागाहून तयार केलं होतं आणि बॅकअपच्या यादीत त्याच्यापुढे टिक करायची राहून गेली होती. दीड वर्ष त्या गाण्यांची नॅसवरची एकच प्रत होती. यादीत जेवढं आहे तेवढं नीट उतरलं, इतकंच त्या हिरव्या अक्षरांचं म्हणणं होतं. टिक केली, बॅकअप पुन्हा घेतला, ती डिस्क लॅपटॉपला जोडली आणि दहाबारा फायली प्रत्यक्ष लावून पाहिल्या. एका गाण्यात बाबा मध्येच थांबतात, खोकतात आणि ‘परत घेऊ’ म्हणतात. ते ऐकलं आणि मगच पुढचं काम हातात घेतलं.

नव्या डिस्क घेताना त्या सीएमआर, म्हणजे लिखाणाचे पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या, आहेत याची डेटाशीटमध्ये खात्री करून घेतली. एसएमआर प्रकारात लिखाणाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं काही बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं, आणि तासन्‌तास लिहिण्याचं काम आलं की या डिस्क फार मंदावतात. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर असल्याचं उघड झालं होतं, तेव्हा नुसत्या लेबलवर विसंबू नये. आलेल्या चारही डिस्कची मी विस्तारित स्मार्ट चाचणी घेतली, म्हणजे डिस्क स्वतःच स्वतःला पूर्ण वाचून तपासते ती. एकेकीला चौदा तासांच्या आसपास लागले. चौथीत वाचनाची चूक निघाली, ती बदलून मिळाली. हीच डिस्क रिबिल्डच्या मध्यावर अडकली असती तर, हा विचार बरेच दिवस डोक्यातून गेला नाही.

जुन्या संचावर एकदा पूर्ण स्क्रबही चालवला, म्हणजे सगळा डेटा वाचून पॅरिटीशी ताडून पाहिला. तेव्हा तिसऱ्या कप्प्यातल्या डिस्कवर ८ पेंडिंग सेक्टर दिसले, म्हणजे जे वाचताना डिस्क अडखळते आहे असे. त्यामुळे सुरुवात एक नंबरापासून न करता तीनपासून केली. कमकुवत डिस्क आधी बाहेर काढली की पुढची सगळी रिबिल्ड धडधाकट डिस्कवरून होतात. हा क्रम ठरवण्यात घातलेला वेळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

प्रत्यक्ष बदलताना एक अडचण आली. जुन्या डिस्कच्या दोन्ही बाजूंना मध्यावर स्क्रूचं भोक होतं, नवीला ते नाही. जास्त क्षमतेच्या बऱ्याच डिस्कमध्ये ते वगळलेलं असतं. ट्रेवर मागे-पुढे आणखी भोकं होती, त्यात स्क्रू बसले. प्रत्येक डिस्क ओढण्याआधी सॉफ्टवेअरमधला सीरियल नंबर माझ्या कागदावरच्या नंबराशी ताडून बघत होते. काढलेल्या डिस्कवर कप्पा आणि तारीख लिहिली आणि काम संपेपर्यंत एकही पुसली नाही. एका रिबिल्डला सुमारे सात तास लागत, कारण जुन्या ३ टीबीपुरतंच लिहिलं जातं. रोज एकच डिस्क, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे स्मार्ट आकडे बघूनच पुढची.

चौथी बसल्यावर संचाचा आकार वाढला, वाढलेल्या भागाची पॅरिटी तयार व्हायला आणखी रात्रभर गेली. तीन गुणिले ८ म्हणजे २४ टीबी, संगणकाच्या मोजणीत २१.८. पण व्हॉल्यूम, म्हणजे संचावरचा फायली ठेवायचा भाग, काही केल्या १६ च्या पुढे वाढेना. तो पूर्वीच्या जुन्या यंत्रावर तयार केलेला होता, डिस्क तशाच या यंत्रात आणल्या होत्या. त्याच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे फायलींची जागा सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, ब्लॉकचे (जागेच्या छोट्या तुकड्यांचे) क्रमांक ३२ बिटांचे. एक ब्लॉक ४ केबीचा, म्हणजे बरोबर १६ टीबीला क्रमांकच संपतात. सगळं पुसून नव्याने मांडता आलं असतं, बॅकअपही तपासलेला होता. पण एकसंध दिसावं एवढ्यासाठी ती एकच प्रत पणाला लावायचं मन झालं नाही. उरलेल्या जागेत दुसरा व्हॉल्यूम केला.

त्यावर पहिलं फोल्डर हलवलं ते बाबांच्या गाण्यांचं. लगेच बॅकअपची यादी उघडली. नव्या जागेवरचं ते फोल्डर यादीत पुन्हा बिनटिकेचं दिसत होतं. टिक केली आणि रविवारची वाट न बघता बॅकअप तेव्हाच चालू केला.