खेकड्याची नांगी आणि डाळिंबाची पिवळी पाने

चुलतभावाच्या सांगोल्याकडील डाळिंबाच्या बागेत यंदा कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. पण आमच्या चुनखडीच्या जमिनीत लोह नसते असे नाही, विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) मातीत ते गंजासारखे अविद्राव्य होऊन बसते आणि मुळांच्या हाती लागत नाही. त्यासाठी सोलापुरातून त्याने ‘चिलेटेड लोह, ईडीटीए’ असा पुडा आणला आणि विचारले, “दादा, चिलेटेड म्हणजे नेमके काय?”

आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला याहून गोड प्रश्न कोणता? मूळ शब्द ग्रीक, अर्थ खेकड्याची नांगी. मॉर्गन आणि ड्रू या रसायनशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तो रसायनशास्त्रात आणला. धातूच्या आयनाला, म्हणजे विद्युतभारित अणूला, आपल्या इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन जो रेणू किंवा आयन त्याला धरतो, तो लिगँड. या बंधात दोन्ही इलेक्ट्रॉन लिगँडचेच असतात, धातू केवळ जागा देतो. पाणी आणि अमोनिया एकाच अणूने धरतात, म्हणून त्यांना एकदंती म्हणायचे (गणपतीबाप्पांनी क्षमा करावी). इथिलीनडायअमीन दोन नायट्रोजनांनी धरते. एकाच लिगँडने असे दोन किंवा अधिक दातांनी धातूला नांगीसारखे पकडणे म्हणजेच चिलेशन. पुड्यावरच्या ईडीटीए या लिगँडचे दात सहा: दोन नायट्रोजन, चार ऑक्सिजन. एक दात सुटला तरी उरलेले धातूला जवळच ठेवतात, तेवढ्यात सुटलेला पुन्हा रुततो. शिवाय ईडीटीएचा एकच आयन लोहाभोवतीचे पाण्याचे सहा रेणू मोकळे करू शकतो, आणि मोकळ्या कणांची संख्या वाढणे निसर्गाला मानवते.

मात्र हा पुडा ठिबकमधून सोडू नकोस, असे मी त्याला बजावले. ईडीटीए कॅल्शियमला लोहाच्या मानाने कितीतरी सैल धरते हे खरे. परंतु विम्लधर्मी मातीत हायड्रॉक्साइड लोहाला ओढून घेते, आणि रिकामी झालेली नांगी उदंड असलेल्या कॅल्शियमवर मिटते. तेथे ईडीडीएचए हा दुसरा लिगँड हवा. त्याचेही दात सहाच, पण त्यांतले दोन फिनॉलचे ऑक्सिजन असल्यामुळे लोहावरची पकड अशा मातीतही टिकते. दातांची संख्या सारखी असून स्वभाव इतका निराळा, हे वर्गात शिकवताना मला कधी एवढे ठसठशीत जाणवले नव्हते.

ईडीडीएचएची किंमत ऐकून भाऊ काही वेळ गप्प राहिला. मग आणलेला पुडा त्याने पानांवरच्या फवारणीसाठी बाजूला ठेवला आणि जमिनीसाठी निम्म्या बागेपुरते ईडीडीएचए मागवले.