आमची वाटचाल : माळवदाचा गारवा, वजनाशिवाय

२००४ साली लातुरात एका भाड्याच्या खोलीत मी आणि बायकोनं ऑफिस थाटलं. दोघंही आर्किटेक्ट. सुरुवातीची कामं घरांची. त्यातल्या तिसऱ्या घराच्या भिंतींना दोन पावसाळ्यांत तिरप्या भेगा गेल्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया आम्ही उथळ घेतला होता. चूक आमची. पदरचे पैसे घालून दुरुस्ती करून दिली.

आता हातात आहे ती एका शेतीसंशोधन परिसरातली नवी प्रयोगशाळा, आमचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. पाया अंडररीम्ड पाईलचा, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले खांब, थेट मुरुमात उतरवलेले.

पहिल्या बैठकीत तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आमच्या आजोळच्या माळवदासारखं गार करा." माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छप्पर, गार असतं हे खरंच. पण ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट इथं कोण विसरेल? विसर्जन करून माणसं झोपली होती. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि मातीनं जड झालेली माळवदं अंगावर आली. तो गारवा आम्हाला हवा होता, वजन नको होतं. म्हणून सांगाडा भूकंपाच्या नियमांनी बांधलेला आरसीसीचा, भिंती मधे पोकळी सोडून दुहेरी, गच्चीवर उष्णतारोधक थर आणि वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर. लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला. पश्चिमेच्या उन्हाला जिना, भांडार आणि स्वच्छतागृहं.

खरा झगडा एसीचा. घातक वाफा ओढणारं फ्यूम हूड खोलीतली गार केलेली हवा सतत बाहेर फेकतं, आणि ती परत वापरता येत नाही. म्हणून लिहिण्या-वाचण्याच्या खोल्या प्रयोगशाळेपासून तोडल्या. तिथं खिडक्या, व्हरांडा, पंखे. एसी फक्त प्रयोगांपुरता. यावर तीन बैठका गेल्या; शास्त्रज्ञांनाही टेबल एसीतच हवं होतं. मला ते पटलं नाही, आणि शेवटी त्यांनी ऐकलं.

पाण्याबद्दल मात्र कुणाला समजवावं लागलं नाही. २०१६ मध्ये रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं आहोत आम्ही. जुन्या प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राला गार ठेवणारं पाणी दिवसभर मोरीत जाताना पाहिलं तेव्हा पोटात तुटलं. नुसतं कोमट झालेलं, अगदी स्वच्छ पाणी! नव्या इमारतीत ते टाकीत जाऊन निवेल आणि पुन्हा यंत्राकडे येईल. एसीतून ठिबकणारं पाणी झाडांना. गच्ची १,००० चौरस मीटरची. ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी साडेपाच लाख लिटर होतं.

गच्चीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण तेवढं बसायचंय. ते झालं की मृगाच्या आधी गच्ची धुवून घेऊ.