तुतीच्या कागदासोबतची आमची वाटचाल

आमचा व्यवसाय हातकागदाच्या वस्तू घडवण्याचा आहे असे सांगितले की ऐकणारा वस्तूंविषयी विचारतो, कागदाविषयी सहसा विचारत नाही. लॅम्पशेड, बांधीव वह्या, पेट्या, कागद फाडून केलेली चित्रे हे सगळे आम्ही करतो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु ज्या कागदावर हा व्यवसाय उभा राहिला आणि ज्याच्या नावाखाली इतरांनी भलताच माल विकून आम्हाला जवळजवळ बुडवले, तो तुतीचा कागद हाच या वाटचालीचा खरा विषय आहे.

आरंभी आम्ही सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हातकागद वापरत होतो. वहीला, पाकिटाला, छपाईला तो उत्तम; पण लॅम्पशेडच्या तारेच्या सांगाड्यावर ताणून बसवला की वळणावर त्याला सुरकुती पडते, आणि पातळ ताव घ्यावा तर तो ताण सोसत नाही. आमचे पहिले भागीदार मूळचे पुस्तकबांधणीतले. वयाने मोठे म्हणून आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. त्यांनी थायलंडमध्ये होणाऱ्या ‘सा’ कागदाचे काही ताव मिळवून आणले आणि त्यातला एक आम्हाला फाडायला दिला. तो सरळ फाटेना. फाटलेल्या कडेतून लांब तंतू निघत राहिले आणि तावाचे दोन्ही तुकडे त्या तंतूंनी एकमेकांना धरून राहिले. दादा म्हणाले, “कात्री बाजूला ठेवा, हा कागद ओला करून फाडायचा असतो.” आमच्या कामाची पद्धत त्या दिवसापासून बदलली.

हा तंतू येतो कागदी तुतीच्या सालीतून. रेशमाच्या किड्यांना ज्या तुतीचा पाला घालतात ती आणि कागदी तुती एकाच कुळातल्या असल्या तरी झाडे वेगळी आहेत. कागदी तुतीचे शास्त्रीय नाव ब्रुसोनेशिया पॅपिरीफेरा. तिच्या अंतर्सालीतला तंतू सुमारे 10 मिलिमीटरपर्यंत लांब भरतो, तर सूचिपर्णी लाकडाच्या लगद्यातला तंतू साधारण 3 मिलिमीटर आणि रुंदपर्णी लाकडाचा जेमतेम 1 मिलिमीटर असतो. पातळ असूनही ताव चिवट राहणे, चुरगळल्यावरही न तुटणे, ओल्या खळीत भिजूनही हातात न येणे, हे सारे मुख्यतः या लांबीमुळे घडते. इ. स. 105 मध्ये चीनच्या दरबारात त्साई लून याने कागदाची जी कृती सादर केली, तिच्या साहित्यात चिंध्या आणि मासेमारीच्या जाळ्यांबरोबर झाडाच्या सालीचाही उल्लेख येतो. पॅसिफिक बेटांवर तर हीच साल ठोकून तिचे ‘तापा’ नावाचे वस्त्र करतात. एवढी परंपरा असलेल्या वस्तूला केवळ शोभेचा कागद म्हणून विकले जाते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

कागद मिळवणे हे पहिल्यापासूनच कष्टाचे काम होते, कारण ‘मलबेरी पेपर’ या एका नावाखाली बाजारात फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. थाई ‘सा’ कागद जाळीच्या चौकटीत तंतू पसरून त्या चौकटीसकट उन्हात वाळवलेला असतो. तो काहीसा खरखरीत, जाडी कमीजास्त असलेला, रंग चांगला धरणारा, आणि म्हणूनच पेट्यांवर मढवायला आणि फुले करायला योग्य. जपानी ‘कोझो’ तुतीचा कागद अधिक एकसारखा आणि शांत पोताचा असतो. तिथल्या सेकिशू-बान्शी, होन-मिनोशी आणि होसोकावा-शी या तीन परंपरांचा समावेश युनेस्कोने 2014 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला आहे, आणि तिन्हींमध्ये केवळ कोझोचाच तंतू वापरला जातो. कोरियातला ‘हांजी’ त्याच जातकुळीचा. त्याचे थर एकमेकांवर चिकटवले की अतिशय भक्कम होतात. नेपाळचा ‘लोक्ता’ मात्र तुतीचा नव्हे, तो डॅफ्ने नावाच्या झुडपाच्या सालीचा. तो कागद गुणी आहे आणि आम्हीही वापरतो, पण तो तुतीचा म्हणून देणाऱ्या व्यापाऱ्याच्या इतर मालाकडेही संशयाने पाहावे.

आयात मालावर सगळी भिस्त ठेवायची नाही म्हणून दादांच्या आग्रहाने आम्ही वाळलेली साल आणून थोडा कागद स्वतः करू लागलो. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना सांगायला नको की त्यातला सर्वांत मोठा वेळ ताव उचलण्यात जात नाही, साल निवडण्यात जातो. साल रात्रभर भिजवायची, काळे पापुद्रे सुरीने खरवडायचे, मग धुण्याच्या सोड्यात ती बोटांनी सहज विलग होईपर्यंत शिजवायची. सोडा कोरड्या सालीच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के पुरतो. कॉस्टिक सोड्याने काम लवकर होते, पण त्यात तंतूचा जीव जातो, आणि तंतू दुबळा करायचा असेल तर तुतीची साल आणायचीच कशाला? शिजलेली साल वाहत्या पाण्यात धुऊन तिच्यातला प्रत्येक डाग, प्रत्येक गाठ बोटांनी काढावी लागते. नंतर येते मोगरी. आमच्याकडे आजही दादांनी घडवून घेतलेली शिसवी लाकडाची मोगरी आहे. तिच्या चारही बाजूंना उथळ खाचा आहेत आणि मूठ इतकी गुळगुळीत झाली आहे की नव्या माणसाच्या हातातून ती निसटते. यंत्रातल्या पात्यांनी तंतू कापला जाण्याची भीती असते, मोगरीने तो फक्त सुटा होतो. चांगली कुटलेली साल चिमूटभर घेऊन पाण्याच्या पेल्यात ढवळली की पिंजलेल्या कापसासारखी पसरते. गाठी दिसल्या तर पुन्हा कुटायला घ्यावी.

तुतीचा लांब तंतू नुसत्या पाण्यात गोळा होतो, म्हणून कुटलेली साल पाण्यात कालवून ज्यातून चाळणीवर ताव उचलतात त्या हौदात चिकट द्रव घालावा लागतो. जपानी कारागीर त्यासाठी तोरोरो-आओई या भेंडीच्या जवळच्या नात्यातल्या झाडाच्या मुळांचा रस वापरतात. तो चिकटवण्याचे काम करत नाही, तंतूंना एकमेकांपासून दूर तरंगत ठेवतो आणि पाणी चाळणीतून सावकाश उतरू देतो, त्यामुळे बांबूच्या काड्यांच्या चाळणीवर एकावर एक पातळ थर घेता येतात. उन्हाळ्यात हा रस लवकर पातळ होतो. हे काम थंडीच्या दिवसांतच का करतात, हे ज्याने उन्हाळ्यात करून पाहिले त्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

पुढची काही वर्षे बरी गेली, आणि बऱ्या गेलेल्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फारसे नसते.

मग आमच्याच व्यवसायातल्या एका मोठ्या विक्रेत्याने बाजारात एक कागद आणला. दिसायला तो तुतीचाच वाटे: पांढरा, अर्धपारदर्शक, आत भोवऱ्यासारखे फिरणारे चमकदार धागे. त्यावर ‘अस्सल मलबेरी’ असे छापलेले होते आणि तो आमच्या मालाच्या मानाने फारच स्वस्त होता. आम्ही त्याचा एक ताव आणला, पाण्याने रेघ ओढून फाडला, आणि खरी गोष्ट तिथल्या तिथे उघड झाली. धाग्यांखेरीजचा सगळा कागद बोटभर अंतरात चुरा झाल्यासारखा तुटला, त्याच्या कडेला तंतू असे निघालेच नाहीत. तो लाकडाच्या लगद्याचा यंत्रावरचा कागद होता आणि चमकणारे धागे रेयॉनचे होते. असा कागद करणे हा गुन्हा नाही. सजावटीच्या पाकिटांना तो चालतो. तो तुतीचा म्हणून विकणे ही मात्र सरळ फसवणूक होती आणि आम्ही तसे लेखी कळवलेही. त्या पत्राचे उत्तर आम्हाला आजवर मिळालेले नाही.

आमचा सर्वांत मोठा खरेदीदार, ज्याच्याकडे आमचे निम्म्याहून अधिक लॅम्पशेड जात, त्याने भाव त्या कागदाच्या बरोबरीला आणायला सांगितले. आम्ही नकार दिला आणि त्याने आपली सगळी मागणी तिकडे वळवली. हा तोटा आम्ही सोसला असता. परंतु लाकडाच्या स्वस्त लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडातले तंतू जोडून धरणारे द्रव्य, उरते, आणि प्रकाशाने व उष्णतेने ते पिवळे पडते. बल्बच्या जवळ असलेले ते शेड थोड्याच काळात पिवळे आणि ठिसूळ झाले, वळणांवर फाटले, आणि बदनामी झाली ती तुतीच्या कागदाची. ज्यांनी आमचा एकही शेड कधी वापरलेला नव्हता, ते लोक आम्हाला सांगू लागले की हा कागद टिकत नाही. दुकानदारांनी आमचा माल परत पाठवला. आयात करणाऱ्यांनी स्वस्त माल खपतो हे पाहून खरा ‘सा’ कागद मागवणेच कमी केले, आणि जो मिळे तो क्लोरीनने शुभ्र केलेला, हातात घेतल्याबरोबर कुरकुरणारा. ब्लीचने दुखावलेल्या तंतूत लांबी असली तरी ताकद नसते. त्या हंगामात कामगारांचे पगार देण्यासाठी दादांनी आपल्या बांधणीच्या दिवसांपासून जपलेला ओतीव लोखंडाचा दाबपाट विकला. आम्ही विरोध केला, त्यांनी ऐकले नाही. तो दाबपाट कोणाकडे आहे हे आम्हाला ठाऊक आहे, आणि तो परत मिळवण्याची इच्छा आम्ही सोडलेली नाही.

आम्हाला त्या काळात ज्यांनी उभे ठेवले त्या एक ग्राहक होत्या, जुन्या ग्रंथांची आणि हस्तलिखितांची दुरुस्ती करणाऱ्या. त्यांना आम्ही ताई म्हणतो. त्यांची मागणी कधीच मोठी नव्हती, पण ती दर महिन्याला येई आणि आम्ही भाव सांगितल्यावर त्यांनी एकदाही घासाघीस केली नाही. त्यांना पातळ, बिनब्लीचचा, आम्लरहित कोझो लागतो. 1966 मध्ये फ्लॉरेन्सला पूर आला आणि तिथल्या ग्रंथालयातली असंख्य पुस्तके चिखलात गेली. त्यानंतरच्या दुरुस्तीच्या कामातून जपानी कागद आणि गव्हाच्या खळीची पद्धत जगभरच्या संवर्धकांमध्ये रूढ झाली, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. फाटलेल्या पानावर त्या जी पट्टी लावतात ती कधीच कापलेली नसते. बारीक कुंचल्याने पाण्याची रेघ ओढून, क्षणभर थांबून, दोन्ही हातांनी हळूच विलग केलेली असते. त्या तंतुमय किनारीमुळे पट्टी जिथे संपते तिथे जाडीची पायरी राहत नाही आणि जुने पान तिथून पुन्हा मोडत नाही; शिवाय खळ पुढे कधी पाण्याने सोडवता येते. चौरस मीटरला पाच ग्रॅमहूनही हलका ‘तेंगुजो’ कागद अक्षरांवर लावला तरी मजकूर वाचता येतो, ही किमया आम्ही त्यांच्या टेबलावर पाहिली.

ताई प्रत्येक खेप तपासून घेत आणि नापसंत ताव कारण लिहून परत पाठवत. त्या चिठ्ठ्यांनी आमची नजर तयार झाली. पुढे त्यांच्या ओळखीने इतर संवर्धक आले, बांधणीकार आले, फाडचित्रे करणारे आले, आणि ज्यांना कागदातले कळते अशा लोकांच्या आधारावर आम्ही लॅम्पशेडचे कामही पुन्हा सुरू केले.

हे काम नव्याने करू पाहणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की विक्रेत्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, ताव उजेडासमोर धरा. खऱ्या कागदात लांब तंतू सगळ्या जाडीभर एकमेकांत गुंतलेले दिसतात. नकलेत धागे वेगळे आणि मधली जमीन वेगळी दिसते. तावाची उभी आणि आडवी, दोन्ही दिशांना फाडून पाहा, कारण एका दिशेला तो सरळ आणि दुसऱ्या दिशेला वाकडा फाटतो, आणि शेडवर कोणती दिशा सांगाड्याभोवती घ्यायची हे त्यावरूनच ठरते. मढवताना खळ पातळ ठेवा, पुठ्ठ्याला लावा, कागदाला नको, आणि मधून कडेकडे मऊ ब्रशने दाबत जा. पांढरा फेव्हिकॉल जाड लावला तर तो आतून चमकतो आणि कागदाचा सगळा पोत मारतो. रंगवायचा असेल तर आधी पातळ सरसाचा हात द्या, नाहीतर शाई तंतूंवरून पळते. ताव गुंडाळून उभे ठेवू नयेत, सपाट ठेवावेत, आणि उन्हाच्या खिडकीजवळ तर मुळीच नकोत.

तो विक्रेता अजून बाजारात आहे. त्याने आता खरा ‘सा’ कागदही ठेवायला सुरुवात केली आहे आणि त्याच्या माहितीपत्रकात पाण्याच्या रेघेने फाडण्याची चाचणी दिलेली आहे. जी वाक्ये आम्ही वर्षानुवर्षे आमच्या पुड्यांमध्ये छापील चिठ्ठीवर घालत आलो, जवळजवळ तीच. ज्या मालाने लोकांचे शेड फुटले त्याविषयी तिथे एक अक्षर नाही. आम्ही मात्र आमची चिठ्ठी बदललेली नाही. नव्या ग्राहकाला मागणी नोंदवण्याआधी तिच्याबरोबर दोन नमुने पाठवतो, एक आमच्या कागदाचा आणि एक रेयॉनचे धागे घातलेल्या लाकडी लगद्याच्या कागदाचा, आणि दोन्ही ओले करून फाडल्यानंतरच कळवावे अशी विनंती करतो.