बोटीचा सेल्फ फिरत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी मीटर लावा

मे सरत आला की कोल्हापूर जिल्ह्यात चिखली, आंबेवाडी, शिरोळ, कुरुंदवाड या पूरपट्ट्यात बचावाच्या बोटी शेडमधून बाहेर निघतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी तिथवर चढल्यावर इंजिन उघडून बसायला कुणाला सवड नसते, म्हणून ही तपासणी कोरड्यातच उरकावी. पुढचं सगळं 12 व्होल्टचा सेल्फ असलेल्या आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनासाठी आहे.

आधी प्रोपेलर काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढून घ्या. बहुतेक इंजिनांत दोरी नसतानाही सेल्फ फिरतो, फक्त ठिणगी पडत नाही, आणि तपासताना आपल्याला तेच हवं असतं. काही मॉडेलांत मात्र दोरीशिवाय सेल्फही फिरत नाही. तिथे प्लगच्या कॅप काढून इंजिनाच्या धातूला अर्थ करा. नुसत्या लोंबत्या सोडल्या तर सीडीआय युनिट (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतं.

आता बटण दाबा आणि ऐका. सलग टकटकटक वाजलं तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच ठळक 'टक्' येऊन सगळं शांत झालं तर सोलेनॉइड (सेल्फला जाड करंट जोडणारा विजेचा स्विच) ओढला जातोय, पण मोटरला पुरेसा करंट पोचत नाही किंवा मोटर जाम आहे. मोटर गरगर फिरते आणि फ्लायव्हील (इंजिनावरचं जड चाक) जागचं हलत नाही, म्हणजे पिनियन (त्या चाकाच्या दात्यांत अडकणारं सेल्फचं छोटं चाक) वर येत नाही. आपल्याकडे याचं कारण बहुधा पुराचा गाळ आणि सुकलेलं ग्रीस. पिनियनचा शाफ्ट धुऊन पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात. तिथे जाड ग्रीस भरू नका, त्यात पुन्हा माती धरते. आवाजच नसेल तर फ्यूज, न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलला नसेल तर सेल्फ अडवणारा) आणि चावीचा स्विच, याच क्रमाने जा.

बॅटरीचे आकडे पाठ असावेत. चार्जिंग काढून काही तास झाल्यावर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी. पण नुसत्या 12.6 वर विश्वास ठेवू नका. सेल्फ मारताना थेट बॅटरीच्या पोस्टवर मोजा. 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ फाजील करंट खातोय.

व्होल्टेज टिकून आहे, तरी सेल्फ मरगळलेला? इथेच लोक नवी बॅटरी नाहीतर नवा सेल्फ घेऊन मोकळे होतात, आणि दोष केबलमध्ये तसाच राहतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. मग निगेटिव्ह पोस्ट ते इंजिनाचा उघडा धातू असं मोजा, 0.3 च्या वर जाऊ नये. आकडा जास्त आला तर एकेक टप्पा मोजत चला: पोस्ट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचा लग (टोकाला दाबलेली धातूची कडी), मग सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट. जिथे उडी दिसेल तिथे दोष.

ओहमवर मोजून हे सापडत नाही, कारण 0.02 ओहम इतका बारीक अडथळा साधा मीटर दाखवूच शकत नाही. सेल्फ 100 अँपिअर ओढत असेल तर तेवढ्याच अडथळ्यावर 2 व्होल्ट जातात. बॅटरीवरच्या 10.5 व्होल्टचे सेल्फवर 8.5 झाले की इंजिन उचलत नाही.

सर्वात फसवा दोष लगच्या आत असतो. वरून केबल नवीकोरी दिसते, कव्हर सोललं की तांब्याच्या तारा काळ्या निघतात. चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल मागे कापा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात सेल्फ-डायनामोच्या कामवाल्याकडून लग मशीनने दाबून घ्या आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा. हातोडीने चेपलेला लग एक पावसाळाही काढेल असं मला वाटत नाही. बॅटरीवरच्या पंखवाल्या नटाऐवजी नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट लावा, थरथरीने तो सुटत नाही.

सोलेनॉइडच्या बारीक वायरवर बटण दाबल्यावर जवळपास बॅटरीइतकंच व्होल्टेज आलं पाहिजे. ते येतंय, अर्थही ठीक आहे आणि तरी 'टक्' नाही, तर सोलेनॉइड गेला. व्होल्टेज येतच नसेल तर स्विच किंवा वायरिंगचा कपलर बघा. पेट्रोलजवळ स्क्रूड्रायव्हरने जाड बोल्ट शॉर्ट करून सेल्फ फिरवायचा प्रकार कृपा करून कुणी करू नका.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये दोन मिनिटं थंड होऊ द्या, नाहीतर सेल्फचे कार्बन आणि आर्मेचर (आतला फिरता भाग) दोन्ही जळतात. चालू इंजिनाची बॅटरी काढू नका, रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करण्यासाठी एसीचं डीसी करणारा भाग) उडतो. बोट शेडमध्ये असताना बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा.

आणि सेल्फ गेला तर इंजिन हाताने सुरू करायला फ्लायव्हीलला गुंडाळायची आपत्कालीन दोरी बोटीतच असू द्या, शेडच्या खुंटीला नको. दोरीने ओढताना न्यूट्रलचं संरक्षण बऱ्याच इंजिनांत काम करत नाही, त्यामुळे गिअर हाताने हलवून न्यूट्रलला असल्याची खात्री करा. इंजिन सुरू झाल्यावर फ्लायव्हीलचं कव्हर पुन्हा बसवायच्या नादाला लागू नका. सैल कपडे आणि हात फिरत्या चाकापासून लांब ठेवा.