बडोद्याच्या सरकारी भिंतीवर कोणाचे तैलचित्र असावे?

सूरसागर तलावापासून थोडे पुढे गेले की न्यायमंदिराची भव्य इमारत समोर उभी राहते. १८९६ साली बांधून झालेल्या या वास्तूला सयाजीराव गायकवाडांनी आपल्या दिवंगत पत्नीचे, महाराणी चिमणाबाईंचे नाव दिले आणि अलीकडच्या काळापर्यंत जिल्हा न्यायालय येथेच भरत असे. या चिमणाबाई तंजावरच्या मोहित्यांच्या. माहेरचे नाव लक्ष्मीबाई. १८८५ साली त्या वारल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या घाटग्यांकडून आलेल्या गजराबाईंनाही सासरी चिमणाबाई हेच नाव मिळाले. इमारतीवरचा मान खरा आहे, प्रेमाचा आहे, पण तो पत्नीला दिलेला मान आहे.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांनी रंगवलेली गायकवाड घराण्याची व्यक्तिचित्रे पाहताना हाच विचार पुन्हा आला. जवळ जाऊन पाहिले तर रेशमावरची चमक म्हणजे कुंचल्याचे दोन-चार फिके फटकारे असतात. दोन पावले मागे सरकले की तेच वस्त्र अंगावर झुळझुळू लागते. ज्यांना असे रंगवले जाते त्या व्यक्ती पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांपुढे राहतात, आणि म्हणूनच स्त्रियांच्या मतदानासाठी झटलेल्या बडोद्याच्या दोन लेकींना सरकारी कार्यालयात अशी जागा मिळायला हवी असे मला मनापासून वाटते.

पहिल्या शरीफा हमीद अली. त्यांचा जन्म १८८३ सालचा, बडोद्यातलाच. वडील अब्बास तय्यबजी संस्थानच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. १९३३ साली लंडनला, भारताच्या नव्या राज्यव्यवस्थेचा विचार करणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीपुढे, स्त्री-चळवळीतल्या राजकुमारी अमृत कौर आणि मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्यासह त्यांनी साक्ष दिली. मालमत्ता असलेल्या पुरुषाची बायको किंवा विधवा म्हणून स्त्रीला मत द्यावे, या सूचनेला तिघींच्या संघटनांचा विरोध होता. त्यांना सर्व प्रौढांसाठी मताधिकार हवा होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात मात्र नवऱ्याच्या मालमत्तेवरून मिळणारे मत राहिलेच.

दुसऱ्या हंसा मेहता, दिवाण मनुभाई मेहतांच्या कन्या आणि पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू. विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे, आणि तिथल्या पायऱ्यांवर वह्या मांडीवर घेऊन बसलेल्या मुली पाहून मला फार बरे वाटले. १९३७ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत त्यांनी स्त्रियांसाठी राखलेली जागा नाकारली आणि सर्वसाधारण जागेवरून निवडून आल्या. १९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले की स्त्रियांच्या संघटनांनी राखीव जागा किंवा स्वतंत्र मतदारसंघ कधी मागितले नाहीत. मागितला तो सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय. राखीव जागांविषयी आज वेगळे मत असू शकते, माझेही आहे, पण त्यामागचा स्वाभिमान लहान ठरत नाही.

दांडिया बाजारात मावशीकडे मुक्काम होता. रात्री जेवणे आटोपल्यावर मी तिला पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची हकिकत सांगितली. त्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. मावशी उठली, कपाटातून आपले मतदार ओळखपत्र काढून आणले आणि नावावर बोट ठेवत म्हणाली, "लग्नात माझंही नाव बदललं होतं रे. सासूबाई असेपर्यंत घरात कोणी या नावानं हाक मारली नाही. मतदानाला गेले तेव्हा त्या मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, तेवढंच."

तेव्हाच ठरले की जिल्हाधिकारी कार्यालयाला अर्ज द्यायचा. स्त्रिया मतदारयादीत नाव घालायला जिथे येतात तिथल्या भिंतीवर या दोघींची तैलचित्रे असावीत, आणि चित्राखाली कोणाची कन्या, कोणाची पत्नी हे न लिहिता त्यांनी मताधिकारासाठी काय केले ते गुजराती आणि मराठीत लिहावे, एवढी मागणी. मराठी मजकूर मी लिहिला, गुजराती मावशीने. अर्जाखाली पहिली सही तिची आहे.